अण्णांचं दत्तकपत्र

परवा बेहालातल्या एका शाळेत तिसऱ्यांदा लाइनीत उभी होते. बरोबर माझे सासरे, अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर.

मतदार यादीची नोटीस आली होती. गावच्या जन्मनोंदीत अण्णांच्या वडिलांचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरंच. कारण पाच वर्षांचे असताना अण्णांना मूलबाळ नसलेल्या काकांकडे दत्तक दिलं... असं घरात सगळेच धरून चाललेलो.

टेबलावरचा बंगाली बाबू म्हणाला, "माशीमा, एक आदमी का दो बाबा कैसे? गोद लेने का कागज लाइए, सोमवार तक."

मी सातवी नापास. पण माणूस उगाच फिरवतोय की खरं सांगतोय एवढं कळतं. हा खरं सांगत होता, म्हणून जास्त धास्ती बसली.

घरी येऊन ट्रंक उपसली. जुने एक्स-रे निघाले, लग्नपत्रिका निघाल्या, दत्तकपत्र नाही. नवरा "होईल काहीतरी" म्हणून गार्डन रीचला ड्युटीवर गेला. होईल म्हणणारे जातात, करायचं आपण.

अण्णांनी जेवण सोडलं. "सूनबाई, नाव काढलं तर मी कुठला म्हणायचं?" चाळीस वर्षं या शहरात काढलेला माणूस... मी म्हटलं, आधी भात खा. खाल्ला नाही.

त्यांच्या आईबद्दल विचारावं तर उठून आत जातात. मागे एकदा फक्त म्हणाले होते, "जिने देऊन टाकलं तिचं काय बोलायचं."

शेवटी गावी आक्कांना फोन लावला. अण्णांची थोरली बहीण, पंच्याऐंशीची, ऐकू कमी येतं. मी अशी ओरडत होते की अख्ख्या बिल्डिंगला कळलं. स्पीकर चालू, अण्णा शेजारी.

"कागद कसला गं? दत्तकविधान झालंच नाही," आक्का म्हणाल्या. "भटजी आले, होम पेटला, पण आई जागची उठेना. याला मांडीवर घट्ट धरून बसली. म्हणाली, शिकायला न्या, सांभाळा, पण देत नाही म्हणजे नाही. भटजी जेवून गेले परत. काकांनी शाळेत घालताना आपलं नाव लावलं, तेवढंच."

मी कपाळाला हात लावला. संपलं. कागद नाहीच, आता सोमवारी दाखवू काय...

अण्णा म्हणाले, "परत विचार. देत नाही म्हणाली?"

मी परत ओरडले, अण्णा विचारतायत म्हणून. तिकडून आक्का, "अरे बहिऱ्या, किती वेळा सांगू? नाही दिलं तुला."

अण्णा उठून हात धुऊन आले. मग म्हणाले, "भात उरलाय का गं?"

दोनदा वाढून घेतला.

सोमवारचं काय होईल माहीत नाही. गावच्या ग्रामपंचायतीत फोन करून झाला, कुणी उचलत नाही.  अण्णांनी मात्र आत्ताच शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.

आजेसासूबाई, मी काही तुम्हाला पाहिलं नाही. तुमच्या हट्टापायी परत लाइनीत उभी राहणार आहे मी... पण बरं केलंत.