मागून झेलणारी

कॉम्प्युटर आल्यावर मुंबईतल्या स्टुडिओंनी आपली जाडजूड टेप मशिनं भंगारात काढली. त्यातलं एक कशेळीच्या गोडाऊनमधून विकत घेणारा शहाणा भिवंडीत निघाला, तो मी. चार हमालांनी ते कामतघरला आमच्या माडीवर चढवलं. बायकोने त्याला एक फेरी मारली आणि विचारलं, "यात दळण होतं का?"

होत नव्हतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून मी समजावायचो, की यात तीन हेडं असतात. पहिलं जुनं पुसतं, दुसरं नवं भरतं आणि तिसरं भरलेलं तिथल्या तिथे ऐकवतं. लोक चहा संपवून उठायचे. मशिनमध्ये भरायला माझ्याकडे काय आहे, हे कुणी विचारलं नाही ते बरं.

होते फक्त आत्याचे धवले. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात विधीविधीला धवले म्हणणारी ती धवलारीण. धवला दोघींचा. एकीने ओळ टाकायची, दुसरीने मागून झेलायची. झेलणारी मैत्रीण वारली आणि आत्याने गाणंच सोडलं. आता थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आत्या थकली होती. तिच्याबरोबर धवलेही जातील, याची मला खरोखर धास्ती वाटायची.

शुक्रवारी गावातले यंत्रमाग बंद, खडखडाट नाही, म्हणून शुक्रवारीच तिला आणलं.

"यकटीनं धवलं म्हनतान का, बाला?" ती म्हणाली. "मांगं झेलाला कोन हाय?"

तरी माझं मन राखायला तिने हेडफोन लावून घेतला. आणि मी घोळ घातला. हेडफोनात थेट माईकचा आवाज द्यायचा, तो मी तिसऱ्या हेडवरचा दिला. शिवाय फीत वाचवायला वेग सगळ्यात कमी. म्हणजे फीत दुसऱ्या हेडवरून तिसऱ्यावर पोचेपर्यंत थांबून आत्याचाच आवाज तिच्या कानात जरा उशिराने पडणार. भलेभले गायक अशाने अडखळतात.

पहिली ओळ म्हणताच ती दचकली. दुसरी तिने सावकाश, वाट बघत म्हटली. मला चूक कळली तसा मी बटणाकडे हात नेला. तिने फाडकन त्यावर चापटी मारली.

"हात लावू नको. ती आयली हाय."

फीत संपेपर्यंत ती गात होती. मी मशिनच्या मीटरचे काटे तपासायचं सोंग करून रडून घेतलं.

लग्नात ते धूड टेम्पोत घालून मांडवात नेलं. पाहुण्यांना जनरेटर वाटला. मी ऐटीत बटण दाबलं आणि आत्याचा आवाज मांडवभर झाला. पण एकटीचाच. मागची फक्त हेडफोनात होती, फितीवर नव्हतीच.

"ती कुठं गेली?" आत्याने विचारलं.

गावभर तीन हेडं शिकवणारा मी मशिनमागे वाकून वायरी चाचपू लागलो. स्पीकरमधून दुसरी ओळ आली. आत्या जरा सरकली, मैत्रीण बसायची त्या जागेवर जाऊन बसली, आणि स्वतःचीच ओळ तिने मागून झेलली.