बिनआवाजाचं विमान

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली. वेलांटी पहिली कुठं आणि दुसरी कुठं, हे अजून नीट कळत नाही. भारी शब्द तर माझ्याकडे नाहीतच. तेवढं सांभाळून घ्या.

पण किस्से मात्र भरपूर आहेत. तलवाड्याच्या स्टँडजवळ आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. अशा दुकानात किस्से तांब्याच्या तारेच्या तुकड्यांसारखे साचतात. रोज झाडून काढा, तरी संध्याकाळी एखादा पायाला टोचतोच!

दुकान बप्पांचं. मी तिथं सहा वर्षांपासून शेतातल्या जळालेल्या मोटारी भरून देतो. माझं नाव सुदाम. दत्ता म्हणून माझा मित्र आहे, दुधाचा टेम्पो चालवतो. टेम्पो रिकामा झाला की तो आमच्या बाकावर येऊन बसतो आणि उठत नाही. चौथे फौजीकाका. सत्तरीचे. मिलिटरीत मेकॅनिक होते. नोकरीत असताना त्यांनी बाल्साच्या हलक्या लाकडाचं एक विमान स्वतःच्या हातानं बनवलं होतं. पाच फुटी पंख, नाकाला बोटभर उंचीचं इंजिन, हातात रिमोट. बायको गेल्यावर काकांचं दुसरं काही राहिलं नव्हतं. रविवारी सकाळी गायरानात विमान उडवायचं आणि बाकीचे सहा दिवस ते पुसत बसायचं.

*

त्या इंजिनाला पेट्रोल चालत नसे. मेथॅनॉल आणि त्यात एरंडेल. मेथॅनॉल काका कुठून तरी आणत. एरंडेल मात्र गावातल्या मेडिकलमधून.

एकदा त्यांनी चार लिटर एरंडेल मागितलं. दुकानदार नवीन होता. त्यानं काकांकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

“काका, घरात माणसं किती हायत?”

“मी एकटाच.”

“मग एवढं एरंडेल कोण पिणार?”

“हाय एक जण,” काका म्हणाले. “पिलं की उडतंय!”

दुकानदारानं काही दिवस काकांना उधार-नगद काहीच दिलं नाही. आधी डॉक्टरला दाखवा म्हणाला.

*

काकांची उडवायची एक पद्धत होती. विमान वर गेलं की ते वर बघत नसत. मान डावीकडे थोडी वाकडी करून, जमिनीकडे बघत उभे राहत. अंगठे रिमोटवर. विमान गोल फिरायचं, उलटं व्हायचं, सुलटं व्हायचं, आणि काका आपले ढेकळांकडे बघत!

दत्ता त्यांची हुबेहूब नक्कल करायचा. “मिलिटरीत शिस्तच तशी असती बे,” तो म्हणायचा. “वर बघायचं असलं तर साहेबाची परवानगी लागती.”

आम्ही हसायचो. मीसुद्धा.

*

मग मेंढरांचं प्रकरण झालं.

गायरानात मारुतीआबांची मेंढरं चरतात. दीडशे तरी असतील. एका रविवारी वारा जोराचा होता आणि विमान इंजिनाची टरटर करत कळपावर खाली आलं. मेंढरं जी उधळली ती थेट आण्णांच्या कापसात! आण्णा गावातले पुढारी. कापूसही मोठा, आवाजही मोठा. त्यांनी चार माणसांत सांगून टाकलं, “पुन्हा एक डाव मेंढरं उधळली, तर गायरानात इमान बंद. ठरावच करून टाकतो.”

गायरान सोडलं तर आमच्याकडे मोकळी जागा नाही. सगळीकडे ऊस, कापूस आणि विजेच्या तारा.

मारुतीआबा दिवसभर मेंढरं गोळा करत होते. संध्याकाळी ते दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. काका बाकावर होते. आबा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “काका, तुमचं इमान पडलं तर तुमी डिंक लावता. माझं मेंढरू पडून मोडलं तर त्याला काय लावू?”

काकांनी सरकून आबांना बाकावर जागा केली. 

आबा गेल्यावर बप्पा म्हणाले, “इंजिन काढून टाका आन् करंटवर करा. हिरीवरची डिझेल इंजिनं गेली का न्हाई? कुणी रडलं का?”

 काकांनी विचारलं, “आवाज आजिबात येणार न्हाई?”

“आजिबात न्हाई!” बप्पा लई अभिमानानं म्हणाले.

पंधरा दिवस काका दुकानाकडे फिरकले नाहीत. सोळाव्या दिवशी विमान चादरीत गुंडाळून घेऊन आले.

*

मोटार ऑनलाइन मागवली. अंगठ्याएवढी, तीन वायरींची. पार्सल बीडला अडकलं, ते दत्तानं आणलं. मी संध्याकाळी मोटार टेबलावर ठेवली आणि घरी गेलो.

सकाळी आलो तर मोटार जागेवर नाही. ती तारेला टांगलेली होती, पिवळीधमक, थेंब गळत असलेली. बप्पांनी तिला वार्निशमध्ये बुडवलं होतं!

“बप्पा, हे काय केलं?”

“तीस वर्षं झाली. आपल्या दुकानातून मोटार बिगर वार्निशची गेली न्हाई. ती काय आकाशातून पडली का?”

बेअरिंग जाम झाली. मोटार फिरायचं नाव घेईना. दुसरी मागवली. ती आली तेव्हा मी खिशातून घरी नेली आणि आईच्या शेवयांच्या डब्यात ठेवली.

*

पण बप्पांना नावं ठेवता येत नाहीत.

दुसरी मोटार बसवून आम्ही टेबलावर ट्रायल घेतली. विमान पुढे पळू नये म्हणून दत्तानं मागून शेपूट धरलं. मी रिमोटची दांडी वर केली, आणि नाकावरचा पंखा उलटा फिरला! दत्ता पुढे ओढ बसेल म्हणून पाय रोवून उभा, आणि विमान निघालं मागे, त्याच्या पोटावर. “बंद कर बे! बंद कर!” मी घाबरून दांडी आणखी वर केली.

मी रात्री मोबाईलवर बघितलं होतं, कॉम्प्युटरला जोडून कायतरी सेटिंग बदलावी लागते. आता कॉम्प्युटर कुठून आणायचा, याचा विचार करत होतो.

बप्पा एका पंपाची मोटार खोलत होते. मान वर न करता म्हणाले, “कावून घाबरता? तीनातल्या कोणत्याबी दोन वायरी आदलाबदल कर.”

केल्या. सुलटी फिरली!

“मोटार हिरीवरची असू दे न्हाईतर अंगठ्याएवढी,” बप्पा म्हणाले, “फेज तीन म्हंजे तीनच.”

त्याच वेळी चकलांब्याचा एक शेतकरी मोटार न्यायला आला होता. तो हे सगळं बघत होता. त्यानं विचारलं, “ही किती फुटावरचं पाणी वढती?”

“पाणी न्हाई वढत, इमान वढती.”

“आरारा,” तो म्हणाला. “मंग कशाला एवढी मेहनत घेतली!”

*

इंजिन जड होतं, मोटार हलकी. बॅटरी पुढे सरकवली तरी तोल जमेना. पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचलायचं, ते आडवं राहिलं पाहिजे. आमचं शेपूट टेकायचं आणि नाक आभाळाकडे.

दत्ता म्हणाला, “हे आपल्या पुढाऱ्यावानी झालं. पुढं काय न्हाई आन् मागं गर्दी!”

शेवटी पंपाचे लोखंडी नट नाकात भरले. तांब्याची तार तोलतो त्या काट्यावर मोजून, एकेक करून. पाच नटांवर विमान आडवं झालं.

*

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गायरानात गेलो. आण्णांनी आपला माणूस बघायला पाठवला होता. मारुतीआबा लिंबाखाली काठीवर हनुवटी टेकून उभे होते. मेंढरं चरत होती.

मी विमान दोन्ही हातांनी वर धरलं आणि पुढे ढकललं. नुसतं फर्र झालं आणि ते वर गेलं. वर गेल्यावर तर तेवढंही ऐकू येईना. काकांनी ते कळपावरून नेलं. एका मेंढरानंसुद्धा मान वर केली नाही! आण्णांचा माणूस मोबाईलवर म्हणाला, “न्हाई, न्हाई. काय बी झालं न्हाई.” दत्तानं शिट्टी मारली.

मी काकांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे उभे होते. मान डावीकडे वाकडी, नजर ढेकळांत. मग त्यांनी मान उजवीकडे केली. मग पुन्हा डावीकडे. अंगठे थांबले होते.

“सुदाम,” ते हळूच म्हणाले. “कुठं हाय रं?”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. तेव्हा कळलं. त्यांना विमान दिसत नव्हतं. आज नाही, कैक दिवसांपासून दिसत नसणार. ते इंजिन ऐकून उडवत होते.

मला सांगायचं होतं. विमान कुठं आहे, तोंड कुणीकडे आहे, सगळं मला दिसत होतं. पण चार माणसांत मोठ्यानं बोलायचं म्हटलं की मला जमत नाही. तेव्हाही जमलं नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, म्हणून इथं लिहिली.

लिंबाखालून आवाज आला. “काका! तुमच्याकडं पाठ हाय त्याची. लांब चाललंय!”

मारुतीआबा. त्यांना अर्ध्या कोसावरचं लंगडं मेंढरू ओळखू येतं.

काकांनी अंगठा हलवला.

“वळलं! वळतंय. आजून थोडं. हां, आता सोडा. आता तोंड तुमच्याकडं हाय. येऊ द्या. येऊ द्या. लई वर हाय, खाली घ्या. हळू! हळू वो काका!”

आबा ओरडत चालत आले आणि काकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. विमान आमच्या डोक्यावरून गेलं आणि पुढे तरवडाच्या झुडपात बसलं. पंख्याचं एक पातं मोडलं, बाकी काही नाही. 

आबांनी विमान कोकरू आणावं तसं काखेत धरून आणलं.

“मेंढरं न्हाई ना उधळली?” काकांनी विचारलं.

“न्हाई.”

“मंग झालं,” काका म्हणाले. त्यांनी रिमोट पेटीत ठेवला आणि पेटी माझ्या हातात दिली. “हे तूच ठेव आता. मला काय करायचंय.”

आबा थोडा वेळ विमान उलटसुलट करून बघत राहिले. मग कळपात गेले. पुढे चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यातली घंटी त्यांनी सोडली आणि आणून काकांच्या तळहातावर ठेवली.

“ह्या आवाजाला माझी मेंढरं भीत न्हाईत,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान लवकर उघडलं. नवीन पंखा लावला. नाकातले पाचही नट काढले आणि घंटी तारेच्या काट्यावर ठेवली. पाच नटांपेक्षा थोडी कमी भरली. एक नट परत आत टाकला. घंटी नाकाखाली मोकळी लोंबेल अशी तांब्याच्या तारेनं बांधली. मग दोन बोटांवर विमान उचललं. आडवं राहिलं. मी ते थोडं हलवून बघितलं.

बप्पा मागच्या खोलीत वार्निश ढवळत होते. तिथूनच ओरडले, “सुदाम! बघ रं, कुणाची मेंढरं दुकानात शिरली!”