येशारेगने सोडलेली सहा पावलं

येशारेग माझी शेजारीण. आमच्या गावात देवदूत गॅब्रिएलच्या चर्चभोवती जुनं जंगल आहे. त्याला लागून पहिलं शेत तिचं, त्याच्या शेजारचं आमचं. ती विधवा झाल्यापासून तिचा दीर अस्रेस शेत नांगरून द्यायचा आणि निम्मं पीक न्यायचा. बाई उंच, हाडकुळी, तोंडाने फटकळ. उपासाचा एक दिवस चुकवायची नाही, पण पाद्र्यासमोर मान खाली घालून उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नाही.

दोन वर्षं पाऊस ओढ देत होता. पीक घटलं म्हणून जो तो दर नांगरणीला नांगराचं एखादं तास जंगलात सरकवत होता. त्या उन्हाळ्यात जंगलातला तीर्थाचा झरा आटला. येशारेग घागर घेऊन गेली आणि रिकामीच परतली. येताना तिला आपल्याच शेतात, जंगलाच्या कडेपासून सहा पावलं आत, हद्दीचा जुना दगड सापडला. म्हणजे ती सहा पावलं तिच्या नवऱ्याने खाल्लेली.

पेरणीला अस्रेस बैल घेऊन आला, तर ही दगडाला टेकून नांगरासमोर बसलेली.

"वहिनी, उठा. बैल बुजतील."

"बुजू देत. या दगडापुढे नांगर जायचा नाही."

"सहा पावलं सोडायची? तीही या वर्षी? कणगीत तेफाचं धान्य किती उरलंय, ठाऊक आहे ना?"

"मला विचारतोस? तळ झाडून मीच काढते रोज."

"मग खाणार काय?"

"झाडावरच्या माकडांना जो खायला घालतो, तो मलाही घालेल."

"माकडं आपलेच मटार खातात, वहिनी!"

"मग तुझ्याच हातून घालतो म्हणायचं."

अस्रेसने रागाने जू सोडलं आणि बैल घेऊन निघून गेला. येशारेगने कुदळ उचलली. साठीची बाई, एकटीने खणत खणत कारळे पेरले. खणताना निघालेले दगड ती हद्दीवर नेऊन रचायची. गुरं जंगलात शिरू नयेत म्हणून गुडघाभर भिंत उभी राहायला लागली. येणारे-जाणारे हसायचे.

रविवारी प्रार्थना संपल्यावर अब्बा तिरुनेह यांनी तिला सगळ्यांसमोर थांबवलं. अब्बा आमचे पाद्री. त्यांचंही शेत जंगलाच्या कडेलाच.

"येशारेग, हातची जमीन टाकून बसणं ही श्रद्धा नव्हे, हट्ट आहे. ती भिंत काढ. गुरांची वाट अडते."

"अब्बा, जमीन देवाची आणि आपण राखणदार, हे तुम्हीच शिकवलंत ना? राखणदाराने धन्याचा माल घरी नेला तर त्याला काय म्हणायचं?"

"इथे भांडण नको."

"भांडत नाही, कबुली देतेय. माझ्या नवऱ्याने सहा पावलं चोरली. त्या जमिनीची इंजेरा भाकर मी खाल्ली, म्हणजे मीही चोर. हे जंगल गॅब्रिएलच्या अंगावरचं वस्त्र, आणि आपण ते फाडतोय. आता तुम्ही सांगा, अब्बा. तुमची किती पावलं?"

अब्बांनी हातातला क्रूस खाली घेतला. माझा नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

त्या दिवसापासून अब्बांनी तिच्या घरी आशीर्वाद द्यायला जाणं बंद केलं. ती मात्र रोज पहाटे चर्चच्या दाराची चौकट चुंबून शेतात जायची. पीक येईपर्यंत तिने पाण्यासारख्या पातळ शिरोवर, म्हणजे डाळीच्या पिठाच्या कालवणावर, दिवस काढले. एकदा मी मसुरीची भाजी नेली. तिने बिनसंकोच घेतली.

"देवाने पाठवली."

मला राग आला. "निवडली मी, शिजवली मी. देवाने जळणसुद्धा आणलं नाही."

"म्हणून तर तो तुझ्याच दारी येतो," ती हसत म्हणाली आणि बोटं चाटायला लागली. मी पुन्हा नेली. दर दोन दिवसांनी नेत राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पुढे पाऊस बेताचाच झाला. पण खोल खणून दगड काढल्यामुळे तिच्या जमिनीत ओल टिकली, आणि जंगलातल्या मधमाश्या पिवळ्या फुलांवर दिवसभर घोंघावत राहिल्या. आधीपेक्षा पीक थोडं कमीच आलं. पण त्या वर्षी वाटणी नव्हती, सगळं तिच्याच घरात गेलं.

पुढच्या नांगरणीआधी माझा नवरा शेतातले दगड उचलून हद्दीवर रचायला लागला. आम्ही चार पावलं सोडली. मग अस्रेस बैल घेऊन आला आणि वहिनीशी न बोलताच दगडापाशी नांगर वळवून गेला. अब्बांनी त्यानंतर वर्षभराने आपली हद्द मागे घेतली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत; तिच्या घरी आशीर्वादाला मात्र पुन्हा जाऊ लागले. झऱ्याला अजून पाणी नाही, नुसती ओल दिसते.

यंदा येशारेग जंगलाच्या पलीकडच्या बाजूला हद्दीचे जुने दगड शोधत फिरते आहे. तिकडे दुसऱ्या वस्तीची शेतं आहेत. पहिल्या दिवशी त्या लोकांनी तिच्यावर कुत्री सोडली. दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन गेली.