आईच्या संक्रांतीच्या साडीच्या फिती

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितोय, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या सातपूरच्या गल्लीत आई शिवणकाम करते. अतिरेक्यांनी परवा एवढी निरपराध माणसं मारली. आज सकाळी शेजारचे मौलाना दारात आले. "ताई, आज ईद आहे, पण सगळे दंडाला काळी फीत बांधून नमाज पढणार. फिती कमी पडल्या. काळं कापड आहे का?"

आईकडे काळं म्हणजे एकच, संक्रांतीला नेसायची साडी. मी "अगं, ती नको" म्हणेपर्यंत बाईने कात्री लावलीसुद्धा!

नमाजानंतर मौलाना भोंग्यावरून बोलले. "बेगुनाहों को मारनेवाले हमारे कोई नहीं. उनके लिए हमारे पास दुआ नहीं." आई मशीन थांबवून ऐकत होती.

मग उरलेली फीत तिने माझ्या दंडाला बांधली. मी वैतागलो, "ही त्यांनी बांधायची ना?"

"का? मेले ते आपले कोणी नव्हते?"

कॅफेवाला मघापासून माझ्या दंडाकडे बघतोय. आता विचारेलच. तुम्ही काय सांगितलं असतं त्याला?