विहिरीचा पाठ

रेवणसिद्ध मास्तर व्हायला निघाला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांना घट्टे होते. चार उन्हाळे तो बलभीमच्या टोळीबरोबर विहिरी खोदत हिंडला होता. पावसाळा लागला की खोदाई बंद, मग पुस्तक. अशी अर्ध्या अर्ध्या वर्षाची शाळा जोडत तो मिडल पास झाला. हे सोपं काम नव्हतं, आणि सोपं होतं असं त्यानं कधी कुणाला सांगितलंही नाही.

त्याचं गाव निजामाच्या मुलखात, वाशीपासून दोन कोसांवर. गावात शाळा नव्हती. फसली तेराशे बावन्न साली, म्हणजे इंग्रजी बेचाळीसच्या सुमाराला, शरणप्पांनी मठाची ओसरी झाडून घेतली आणि रेवणसिद्धाला म्हणाले, "बस हितं. पोरं मी आणतो." शरणप्पा मठाचे कारभारी. स्वतः अंगठेबहाद्दर, पण धरलेलं सोडायचे नाहीत. महिन्याभरात एकतीस पोरं झाली.

दोन महिन्यांनी तहसीलचा चपराशी हुकूम घेऊन आला. खासगी शाळा परवानगीशिवाय चालवता येणार नाही. परवानगी हवी तर शाळेला सनदी मास्तर हवा. मुदत सव्वा वर्ष. पुढं ओसरीला कुलूप.

"सनद आण बाबा," शरणप्पा म्हणाले. "एकदा कुलूप लागलं तर ही पोरं पुन्ना ढोरांमागं जातील. दुसऱ्या खेपेला कुणाचा बाप पाठवायचा न्हाय."

सनद मिळवायची रीत अशी होती. मुद्रांकाच्या कागदावर अर्ज. चालचलणुकीबद्दल पाटलाचा दाखला, प्रकृतीबद्दल डॉक्टरचा. मग सरकारी शाळेतल्या सनदी मास्तराच्या हाताखाली एक वर्ष बिनपगारी उमेदवारी, आणि रोज शिकवलेल्या पाठाचं टिपण. वर्ष भरलं की शाळा तपासणारे मोठे अधिकारी, ज्यांना सगळे मोहतमीमसाहेब म्हणत, त्यांच्यासमोर नमुना पाठ. पाठ पसंत पडला आणि मास्तरानं वर्षाच्या दाखल्यावर सही केली, की सनद. कागदावर ही रीत चांगली होती. रेवणसिद्धाला ती मनापासून पटली. एक वर्ष काम, मग परीक्षा. विहिरीच्या टोळीतही नव्या माणसाला पहिलं वर्ष पाटी उचलावीच लागते.

सुट्टीच्या दिवशी गावी येऊन ओसरीतली पोरं बघायची असं ठरवून तो तालुक्याच्या गावी भीमाशंकर मास्तरांकडे हजर झाला. मास्तर जाड, गोरे, तोंडात सदा पान. वर्गाचा एक कोपरा त्यांच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला होता आणि त्या कोपऱ्याजवळ बसणारी पोरं पाय आखडून बसत.

"पोहरा ओढता येतो का रे?" मास्तरांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"येतो."

"मग आधी रांजण भर. शिकवायचं नंतर बघू."

नंतर म्हणजे सात महिने. तोवर त्यानं मास्तरांचं पाणी भरलं, सरपण फोडलं, म्हशीला डोहावर नेलं, गोठ्याची पडकी भिंत बांधून लिंपली. कामाची त्याला लाज नव्हती. किळस आली ती संध्याकाळी. रोज संध्याकाळी मास्तर टिपणाची वही पुढं टाकत आणि पान चघळत सांगत, "लिही. आज उमेदवारानं भागाकार शिकवला. मुलांना समजला."

"मास्तर, आज म्या भिंत लिंपली."

"वर्षभर भिंत लिंपली असं लिहू का मग? गवंड्याची सनद देतील तुला."

तो लिहायचा. अक्षर त्याचं मोत्यासारखं. भिंत त्यानं नीट, ओळंब्यात बांधली होती आणि तिच्याबद्दल वहीत एक शब्द नव्हता. न शिकवलेल्या भागाकाराचं पान मात्र सुवाच्य होतं. अशी पानं साठत गेली. वही हातात घेतली की त्याला वाटायचं, शिळ्या कालवणात बोटं बुडवतोय.

आठव्या महिन्यात नमुना पाठाची तयारी सुरू झाली. पाठ ठरलेला होता. भीमाशंकर मास्तरांकडचा प्रत्येक उमेदवार बारा वर्षं तोच देत आला होता. विषय, विहीर. प्रश्न नऊ, उत्तरं नऊ. पोरांना ती तोंडपाठ. पाचवा प्रश्न असा, विहिरीला पाणी किती हातांवर लागतं? उत्तर, वीस हात.

रेवणसिद्ध हसला. "मास्तर, हे चूक हाय. पाणी काय हात मोजून बसतं का?"

"तू विहिरी खोदल्या असशील," मास्तर म्हणाले, "मी उमेदवार पास केलेत. बारा. वीस हात."

मग त्यांनी हातांची रीत समजावली. प्रश्न विचारला की वर्गातला प्रत्येक हात वर गेला पाहिजे. साहेबांना वर्ग हुशार दिसला पाहिजे. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात करायचा, येत नाही त्यानं डावा. मास्तरानं फक्त उजव्या हातांना विचारायचं.

"आन् डाव्यांना कधी विचारायचं?"

"कशाला विचारायचं?" मास्तरांना प्रश्नच कळला नाही.

तपासणीच्या आठवड्यात मुलींचा आकडा कमी पडत होता. तो भरून काढायला मास्तरांनी ओढ्याकाठी उतरलेल्या टोळीच्या पालांवरून चार मुली आणून बसवल्या. त्यातली एक बलभीमची धुरपदा, नऊ वर्षांची. रेवणसिद्धानं तिला लगेच ओळखलं. विहिरीच्या कडेला बसून ती पोरगी दिवसभर मुरमाच्या पाट्या सारायची. तिनंही ओळखलं. "रेवणूदादा, तुमी पहार सोडली व्हय?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. वर्ग खिदळला. मास्तरांनी चौघींना सांगितलं, "तुम्ही डावा हात. काही झालं तरी डावा."

तपासणीच्या दिवशी साहेब दहाला आले. वयस्क, थकलेले, गुडघे दुखणारे. खुर्चीत बसले आणि वही उघडून म्हणाले, "शुरू करो."

रेवणसिद्ध फळ्यापुढं उभा राहिला. बाहेर लिंबाच्या पारावर शरणप्पा बसले होते. पहाटेच निघून, भाकरीचं गाठोडं घेऊन, सनद बघायला आले होते.

पहिले चार प्रश्न घरंगळत गेले. चाळीस हात वर, एक उजवा निवडायचा, उत्तर यायचं, हात खाली. विचारून व्हायच्या आधीच पोरं हात वर करत होती. या पाठात त्याला काही करायचंच नव्हतं. खुंटाला पागोटं गुंडाळून तो पुढं उभा केला असता तरी चाललं असतं. असलं फुकटचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

"विहिरीला पाणी किती हातांवर लागतं?"

चाळीस हात वर गेले. पुढच्या रांगेत वतनदाराच्या मुलाचा उजवा हात पुढं पुढं येत होता. मागं भिंतीशी धुरपदाचा डावा. त्या तळव्याला घट्टा होता.

"धुरपदा, तू सांग."

तिनं मागं वळून पाहिलं. मागं भिंतच होती. "मला इचारलं?"

"व्हय, तुला."

"जिथं लागंल तिथं," ती म्हणाली. "कुठं बारावर बी लागतं. मागल्या साली बानं बावन्न हात खोदलं, न्हाईच लागलं. वरून बा मुंगळ्याएवढा दिसायचा."

साहेबांनी मान वर केली. "बावन्न?"

"व्हय. मग काळा खडक लागला. सुरुंगाला बी फुटंना."

साहेब हसले, आणि रेवणसिद्धाला वाटलं की वर्षातला पहिला पाठ आत्ता झाला. तेवढ्यात वतनदाराच्या मुलाला राहवलं नाही. "वीस हात!" तो ओरडला. पाठोपाठ अख्ख्या वर्गानं ताल धरला, "वीस हात! वीस हात!" आणि कुणी न विचारता सहाव्या, सातव्या, आठव्या प्रश्नाची उत्तरंही म्हणून टाकली.

भीमाशंकर मास्तर लालबुंद झाले. "साहेब, उमेदवार कच्चा आहे. मी दाखल्यावर सही करणार नाही. आणखी एक वर्ष राहू दे माझ्याकडं."

साहेबांनी चष्मा पुसला. रेवणसिद्धानं धीर करून हातांची रीत सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांनी बोट वर केलं. "हातों का हिसाब मालूम है मेरेकू. बीस बरस से देख रहा हूँ. हर स्कूल में यही है." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "खाने के बाद फिर से पढ़ाओ. जैसा तय है, वैसा. मास्तर सही करेंगे, मैं सनद दूँगा. मेरेकू शाम तक अगले गाँव पहुँचना है."

आणि ते जेवायला मास्तरांच्या घरी गेले. त्यांना हात धुवायला लागणारं पाणी सकाळी रेवणसिद्धानंच भरून ठेवलं होतं.

पारावर शरणप्पांनी भाकरीचं गाठोडं सोडलं. रेवणसिद्धानं सगळं सांगितलं.

"वीस म्हणाल्यानं काय बिघडतं?" शरणप्पा म्हणाले. "त्यानं काय कुणाची विहीर आटती का?"

"आप्पा, खोटं हाय ते."

"खोटं हाय ते मला सांगतो? माझ्या मळ्यात तीस हात गेलो, नुसता फुफाटा. पण तू आत जा, वीस म्हण आन् भाईर ये. मग आपल्या मठात पोरांना बावन्न सांग, शंभर सांग. कोण येतंय इचारायला?"

"आन् ती पोरगी?"

"कोण पोरगी?"

रेवणसिद्धानं उरलेली अर्धी भाकरी गाठोड्यात परत ठेवली. आणखी एक वर्ष पाणी भरायला तो तयार होता. सरपण फोडायला, म्हैस धुवायला तयार होता. पण मुदत पुढच्या महिन्यात संपत होती आणि कुलूप काही वर्षभर थांबणार नव्हतं.

जेवणानंतर तो पुन्हा फळ्यापुढं उभा राहिला. साहेबांचे डोळे जड झाले होते. मास्तरांनी ताजं पान लावलं होतं. पाठ घरंगळायला लागला. पाचवा प्रश्न आला. चाळीस हात. धुरपदाचा डावा हात सगळ्यांत उंच होता. ती गुडघ्यांवर उठली होती आणि थेट त्याच्याकडं बघत होती. मघाशी तिलाच विचारलं होतं, आताही तिलाच विचारणार, अशी तिची खात्री होती.

त्यानं वतनदाराच्या मुलाकडं बोट केलं.

"वीस हात."

"बरोबर," रेवणसिद्ध म्हणाला, आणि वळून ते फळ्यावर लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात.

तो वळला तेव्हा धुरपदा खाली बसली होती. साहेबांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पेन्सिलीनं भिंतीकडं खूण केली. "उस बच्ची को भी पूछो."

"धुरपदा," तो म्हणाला. "पाणी किती हातांवर लागतं?"

तिनं आधी फळ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. मग डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा वर केला.

"वीस हात."

"शाबाश," साहेब म्हणाले.

त्यांनी वहीत लिहिलं, पाठ उत्तम. मास्तरांनी सही केली, कोपऱ्यात पिचकारी टाकली आणि पोरांना सुट्टी दिली. धुरपदा दारातून जाताना त्याच्याजवळ थांबली नाही. तो शाळेच्या मागं गेला आणि खाल्लेली अर्धी भाकरी ओकून आला.

महिन्याच्या आत सनद आली. शरणप्पांनी मठात माणसं जमवली आणि ती वाचून दाखवायला लावली. उर्दूतली सनद रेवणसिद्धानं मराठी करून वाचली. 'विहिरीचा पाठ या उमेदवाराने उत्तम दिला' या ओळीपाशी तो क्षणभर अडखळला. ती ओळ गाळून पुढं गेला. कुणाला कळलं नाही. हार घातला, खोबरं वाटलं. त्याची आई गौराबाई तेवढी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"रेवणा, तोंड का असं कडू केलंस?"

"पाठ चांगला झाला न्हाय, माय."

"मग सनद कशी दिली?"

"तसा झाला म्हणूनच दिली."

गौराबाईला ते कळलं नाही.

ओसरीला कुलूप लागलं नाही. शाळा वाढली. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळा सरकारी झाली. तपासायला येणाऱ्यांच्या टोप्या बदलल्या, भाषा बदलली. भीमाशंकर मास्तरांना पेन्शन मिळाली आणि निरोपाच्या सभेत आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली. रेवणसिद्ध त्या सभेला गेला नाही. बलभीमची टोळी पुढं एकदा गावाजवळ आली होती. तो पालांवर जाऊन आला. धुरपदा लग्न होऊन लातूरकडं गेल्याचं कळलं. तिनं पुढं कुठल्या शाळेत पाऊल टाकलं नव्हतं.

त्याच्या वर्गात एकच नियम होता. येत नसेल त्यानं हात वर करायचा, कुठलाही, आणि 'येत नाही' असं मोठ्यानं म्हणायचं. मग तो त्याच्याजवळ जाऊन बसायचा आणि येईपर्यंत उठायचा नाही. वेळ लागायचा. फार लागायचा. म्हणून त्याचा अभ्यासक्रम कधी वेळेत पुरा झाला नाही आणि बढती कधी मिळाली नाही.

एकोणतीस वर्षांत अकरा अधिकारी शाळा तपासून गेले. शेऱ्याच्या वहीत बहुतेकांनी थोड्याफार फरकानं एकच गोष्ट लिहिली आहे. या वर्गातल्या पुष्कळ मुलांना उत्तरं येत नाहीत, आणि ती तसं सांगतात. शिक्षकानं सुधारणा करावी.

खाली प्रत्येक ठिकाणी रेवणसिद्धाची सही आहे. वाचलं, एवढंच लिहिलेलं आहे.