भुऱ्याला लागलेली शिस्त

वकिलाचा अर्धा जन्म पुकाऱ्याची वाट बघण्यात जातो. अकोल्याच्या आमच्या बार रूममध्ये सकाळी अकराला येऊन बसावं आणि दुपारी चारला कळावं की आज काही आपलं काम निघत नाही. मधल्या वेळात माणसं करणार काय? बोलतात. चाळीस वर्षं असं बोलणं ऐकलं की किस्से साचत जातात. ज्यांच्याबरोबर ते ऐकले, ज्यांच्याबरोबर हसलो, ती माणसं एकेक करून गेली. आता हे सगळे किस्से माझ्या एकट्याच्या अंगावर पडले आहेत.

त्यातले बरेच न्यायाधीशांचे आहेत, पक्षकारांचे आहेत. पण एक सबंध गठ्ठा एका कुत्र्याचा आहे. तेव्हा आम्ही त्यावर पुष्कळ हसलो. आज सांगताना हसू येईलच असं नाही.

*

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराची गोष्ट. मी बापूसाहेबांचा ज्युनिअर होतो. बापूसाहेब दिवाणी बाजूचे मोठे वकील. शेती बार्शीटाकळीकडे, घर मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. मूलबाळ नाही. घरात ते आणि काकू, दोघंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. बापूसाहेब कोर्टात तासन् तास बोलत आणि घरी जाऊन मुकाट बसत.

उन्हाळ्यात एक दिवस ते पेढ्यांचा पुडा घेऊन बार रूममध्ये आले. भास्करराव तिथं बसले होते. हे बापूसाहेबांचे वीस वर्षांचे विरोधी वकील आणि तेवढेच जुने मित्र. कायदा पुण्याला शिकून आलेले, आणि ते कोणाला विसरू देत नसत.

"पेढे कसले?"

"बायको बोलली, भास्करराव! आठ महिन्यांनी बोलली."

सगळे उभे राहिले. "काय बोलल्या वहिनी?"

"हाड म्हनाली."

भास्कररावांचा पेढा तोंडापाशी थांबला. "तुम्हाला?"

झालं होतं असं, की शेतावरच्या सालदारानं पोत्यात घालून एक पिल्लू आणलं होतं. भुरकं, म्हणून भुऱ्या. त्यानं काकूंच्या पांघरुणाचं टोक तोंडात धरून ओढलं आणि काकूंच्या तोंडून शब्द निघाला. आम्ही पोट धरधरून हसलो. बापूसाहेबही हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते सगळ्यांनी पाहिलं. आणि जो तो आणखी एक पेढा उचलायला वाकला.

पुढं दोन शब्द आणखी आले. आधी "ये", मग "भुऱ्या". नवऱ्याचं नाव त्या काळच्या बायका धडधाकट असतानाही घेत नसत, तेव्हा ती आशा बापूसाहेबांना नव्हतीच. पण "अहो" तरी यावं, एवढी त्यांची इच्छा होती. ते काही आलं नाही.

*

दिवाळीपर्यंत भुऱ्या आठ महिन्यांचा झाला. ज्यांनी ह्या वयाचा कुत्रा पाळला नसेल त्यांना काय सांगू! पाय लांब, डोकं रिकामं आणि दात सतत शिवशिवणारे. त्यानं उन्हाळ्यात दाराला लावायची खसाची ताटी फाडली, बापूसाहेबांचा डावा जोडा खाल्ला, पुराव्याच्या कायद्याची पहिली वीस पानं खाल्ली. मग एका निकालाची नक्कल खाल्ली, तीही नेमकी सुनावणीच्या सकाळी.

बापूसाहेब खरं बोलणारे वकील. उभे राहून म्हणाले, "हुजूर, नक्कल कुत्र्यानं खाल्ली."

मुन्सफ साहेब गंभीर माणूस. लिहिता लिहिता थांबले. "सगळी?"

"शेवटचा हुकूम उरला आहे, हुजूर. कारणं खाल्ली."

समोरून भास्करराव उठले. "माझी काही हरकत नाही, हुजूर. कारणांत तसंही विशेष काही नव्हतं!"

निकाल त्याच साहेबांचा होता, मागच्या वर्षीचा. आम्हाला दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली.

*

हसणं इथपर्यंत. त्या हिवाळ्यात भुऱ्यानं उडी मारून काकूंच्या पलंगावर चढायला सुरुवात केली. पिल्लू होतं तेव्हा काकूच त्याला थापटून वर घेत. आता तो चांगला दांडगा झाला होता. दारातून धावत यायचा आणि थेट त्यांच्या अंगावर पडायचा.

यमुनाबाई म्हणून काकूंचं सगळं करणारी बाई होती. एका दुपारी लुगडं बदलताना तिला रक्त दिसलं. उजव्या मांडीवर नखांचे चार लांब ओरखडे, आणि काकूंना पत्ताच नव्हता. त्या बाजूला त्यांना काही समजतच नव्हतं.

डॉक्टर आले. औषध लावलं, हात धुतले आणि म्हणाले, "बापूसाहेब, अंथरुणावरच्या माणसाची जखम चिघळली तर मला काही करता येणार नाही. एक तर ह्या कुत्र्याची सवय जाईल, नाहीतर कुत्रा जाईल. महिनाभरात ठरवा."

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी हे बार रूममध्ये सांगितलं. "तो गेला तर हिची बोली बंद होते, आन् राहिला तर हिचा जीव जाते. मले सांगा, मी काय करू?"

*

बारा वकील बसले होते. सल्ले तेरा आले!

भास्करराव म्हणाले, "वर्तमानपत्राची गुंडाळी करा आणि नाकावर एक द्या. आमच्या मामांनी असाच कुत्रा सुधारला." बापूसाहेबांनी करून पाहिलं. भुऱ्याला वाटलं, खेळ आहे. गुंडाळी हिसकावून तो घरभर पळाला आणि शेवटी ती घेऊन काकूंच्या पलंगावरच चढला.

आमच्यात एक खानसाहेब होते, फौजदारी बाजूचे. तरुणपणी शिकारीचे कुत्रे बाळगलेले. ते म्हणाले, "मारू नका, ओरडू नका. ओरडनं म्हनजे त्याच्यासाठी मैफिल. तो अंगावर आला का पाठ फिरवा आन् दगड होऊन जा. त्याच्याकडं पाहायचंसुद्धा नाही."

बापूसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "खानसाहेब, ती बिचारी आनखी किती दगड होनार?"

त्या दिवशी सगळे लवकर घरी गेले.

*

आता जी चूक सांगतो ती फक्त वकीलच करू शकतो.

बापूसाहेबांनी ठरवलं, मारायचं तर न्यायानं. ते सहाला घरी पोचत. काळा कोट अंगावर ठेवूनच खुर्चीवर बसत. यमुनाबाईची साक्ष होई. "बारा वाजता चढला. दीडले उशी फाडली. चार वाजता पुन्हा चढला." मग भुऱ्याला समोर आणायचं, उशी दाखवायची, चढला हे शाबीत झालं असं म्हणायचं आणि गुन्ह्याप्रमाणे एक किंवा दोन छड्या. संशयाचा फायदाही देत! एकदा उशी मांजरानं फाडली असण्याची शक्यता निघाली, तेव्हा भुऱ्याला सोडून दिलं. मी तिथं हजर होतो, आणि सांगायला लाज वाटते, मीही एकदा उलटतपासणी घेतली.

आठ दिवसांत भुऱ्या एकच गोष्ट शिकला. काळा कोट दिसला की पोट जमिनीला लावायचं आणि जागीच मुतायचं. पलंगावर चढणं चालूच होतं.

खानसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, गुन्हा दुपारी आन् शिक्षा संध्याकाळी! त्याले काहून मार बसला हे समजनार कसं?"

बापूसाहेब म्हणाले, "तुमच्या फौजदारीत तं दोन वर्षांनी शिक्षा होते."

"म्हनूनच तं कोनी सुधरत नाही, जनाब!"

*

महिना संपत आला. बापूसाहेबांनी एका सकाळी भुऱ्याला बैलगाडीत बांधून शेतावर पाठवून दिलं.

पहिल्या दिवशी काकू दाराकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी यमुनाबाईनं भरवलेला भात ओठांतून तसाच बाहेर आला.

चौथ्या दिवशी आमचं मोठं अपील होतं. पुकारा झाला आणि बापूसाहेब जागेवर नाहीत. मी धापा टाकत उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "तुमचे सिनिअर कुठं आहेत?" म्हटलं, "हुजूर, घरचं माणूस आणायला गावी गेले आहेत." समोरचे भास्करराव सगळं जाणून होते. ते शांतपणे म्हणाले, "खरं आहे, हुजूर. मी शपथेवर सांगतो."

दुपारी बापूसाहेब कोर्टाच्या आवारात आले ते बैलगाडीतूनच, मांडीवर भुऱ्याचं डोकं घेऊन. धोतराला चिखल लागला होता. भुऱ्या बार रूममध्ये आला तो तेवढ्या एकदाच. आला आणि त्यानं भास्कररावांच्या पगडीकडे बघितलं. भास्कररावांनी ती मुकाट्यानं कपाटात ठेवून कुलूप लावलं.

*

मग खानसाहेबांनी काम हातात घेतलं. डॉक्टरांकडून स्वतः जाऊन मुदत वाढवून आणली. म्हणाले, "आधी त्याचं अंग थकवा. जवान जनावर दिवसभर कोंडून ठेवता, मंग ते छतावर नाही चढलं हेच नशीब." सकाळी मोर्णेच्या काठानं त्याला दोन मैल पळवायचं, असं ठरलं. पळवणार कोण? ज्युनिअर! धोतर खोचून मी दोरी धरून पळत असे. एकदा एक पक्षकार भेटला. "वकीलसाहेब, काहून पळून राहिले? कोनाच्या मागं?"

"सिनिअरच्या!" मी म्हटलं.

काकूंच्या दारात एक पोतं अंथरलं. भुऱ्या पोत्यावर बसला की तिथंच भाकरीचा तुकडा, दुधात भिजवलेला. चारही पाय खाली आहेत तोवर कौतुक. पलंगावर चढला की कोणी अवाक्षर बोलायचं नाही, दोरीनं खाली घ्यायचं आणि बाहेर न्यायचं. बापूसाहेब, यमुनाबाई, मी, सगळ्यांना कायदा एकच. खानसाहेब रोज कोर्टाआधी येऊन तासभर बसत.

एक अट मात्र त्यांनी फार चाचरत सांगितली. "बापूसाहेब, वहिनीसाहेबांनी त्याले बोलवायचं नाही. त्या 'ये' म्हनाल्या का समदी मेहनत पान्यात. पक्कं होयपर्यंत तरी नाही."

बापूसाहेब आत गेले. मी दारात होतो. पलंगाशी वाकून त्यांनी हळू आवाजात समजावलं. "तुह्याचसाठी आहे हे. त्याले ठेवायचं असंन तं त्याले बोलवू नको."

काकूंनी मान हलवली. सगळे मिळून तीनच शब्द होते त्यांच्याजवळ, त्यातला एक त्यांनी परत केला. उरलेले दोनही हळूहळू ऐकू येईनासे झाले. आम्ही त्या वेळी भुऱ्याकडे बघत होतो.

*

दीड महिन्यात भुऱ्या सुधारला. खरोखर सुधारला. धावत यायचा आणि पोत्यावर येऊन बसायचा. डॉक्टरांनी तपासलं, एक ओरखडा नाही. "आता राहू द्या त्याला," म्हणाले.

बार रूममध्ये चिवडा आणि चहा मागवला. भास्करराव भाषणाला उभे राहिले. "खानसाहेब, तुमच्या हातून सुटलेले आरोपी मी पुष्कळ पाहिले. सुधारलेला हा पहिलाच!"

खानसाहेब लाजले. बापूसाहेबांनी त्यांना मिठी मारली. बार रूममध्ये मी पाहिलेली ती एकुलती एक मिठी.

*

आणि हा शेवटचा किस्सा. हा बापूसाहेबांनी स्वतः सांगितला, एकदाच.

चिवड्याला आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारची वेळ होती, कोणाचाच पुकारा होत नव्हता. भास्कररावांनी सहज विचारलं, "काय म्हणतो तुमचा विद्यार्थी?"

बापूसाहेब सांगू लागले.

"काल रविवार. मी तिच्या खोलीत खुर्चीवर कागद पाहत बसलो होतो. तिनं डाव्या हातानं बिछान्यावर थापटलं. आन् म्हनाली, 'ये.' कितीक दिवसांनी तोंडातून शब्द निघाला! 'ये, भुऱ्या.'"

"मग? चढला?"

"नाही. पोत्यावर बसला होता. शेपूट हालवून राहिला, पन जागचा उठला नाही. तिनं पुन्हा थापटलं. तो माह्याकडं पाहून राहिला. मी म्हटलं, जा रे बाबा, आज जा. बिछान्यावर भाकरी टाकली. तरी नाही. उचलून ठेवला, तं उतरून पोत्यावर जाऊन बसला."

खानसाहेबांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"आन् ती थापटूनच राहिली," बापूसाहेब म्हणाले.

शेवटी भास्कररावांनीच विचारलं, "मग काय केलंत?"

"काय करतो, भास्करराव? कागद खाली ठेवले, आन् मीच जाऊन बसलो."