अकुशल सहायक, एक

विद्यापीठाच्या त्या स्टार्टअप केंद्राचं नाव निघालं की माझं डोकं आजही फिरतं. उद्योजकतेवर तासन्‌तास बोलणारी माणसं तिथे ढिगाने भेटली. पंपाला हात लावलेला एकही नाही.

पंप म्हणायचं कारण, माझं संशोधन पंपाचंच. मोटरला चिकटवायची एक डबी मी बनवली. ती आवाज ऐकते आणि काय बिघडतंय ते आधीच सांगते. डबीला कान मिळाले ते घोडपदेवच्या आमच्या चाळीतून. माझे बाबा गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लालबाग-परळच्या इमारतींचे पंप दुरुस्त केले. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, मिनिटभरात निदान. मी शेकडो आवाज रेकॉर्ड करून आणले. बाबांनी हेडफोन लावून एकेक ऐकला आणि मालवणीत निकाल दिला. "ह्यो रडता," म्हणजे बेअरिंग सुकलंय. "ह्यो खोकता," म्हणजे पाण्यात हवा शिरतेय. "ह्यो दात खाता," म्हणजे आतला पंखा घासतोय. मी कॉम्प्युटरला तेच शब्द शिकवले.

केंद्रातल्या माझ्या मार्गदर्शक सरांना ते खपलं नाही. "रडता-बिडता लिहून मान्यता मिळते का गं?" असं म्हणून त्यांनी 'दोष एक', 'दोष दोन', 'दोष तीन' करून टाकलं. तेही मी गिळलं. मग आला संशोधन मान्यतेचा अर्ज. त्यात आवाज ओळखणाऱ्या तज्ज्ञाची पदवी विचारली होती. बाबा सातवी पास. मी आपलं 'चाळीस वर्षांचा अनुभव' असं लिहिलं. सरांनी त्यावर काट मारली आणि लिहिलं, 'अकुशल सहायक, एक'.

"सर, ते माझे वडील आहेत."

"अगं, नुसता रकाना आहे तो. मान्यता नाही तर लॅब नाही, बसायला जागा नाही. तुझं तू ठरव."

मी सही केली. सरांवर मी अजून दात खाते, पण पेन माझ्याच हातात होतं.

मान्यता मिळाल्यावर दादरला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि गिरणगावच्या लेकीला आपण कसं घडवलं यावर सरांचं लांबलचक भाषण. बाबा तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. प्रत्येक खुर्चीवर कार्यक्रमाची पुस्तिका ठेवली होती, तीत आमचा अर्ज जसाच्या तसा छापलेला. बाबा बोट ठेवून वाचतात. ते बोट एका ओळीवर थांबलं आणि पुढे सरकेना, हे मला स्टेजवरून दिसलं. गिरणीच्या हजेरीपटावर अकुशलचं कुशल व्हायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले, तरीही सही केली. माझीच मला शिसारी आली.

बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला. "जड आसा, दी हय," एवढंच म्हणाले.

गेल्या महिन्यात लिफ्टच्या मोटरींचे नवे आवाज आले. डबीला ते ओळखता येईनात. सरांनाही अर्थातच नाही. महिनाअखेर निकाल दाखवला नाही तर केंद्र आमची जागा काढून घेणार. सरांचा फोन आला, आवाजात साखर. "बाबांना विचार ना! त्यांचा कान म्हणजे देणगी आहे गं." तेव्हा रकाना कुठे गेला होता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बाबांसमोर बसले. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले. एकही आवाज मध्ये न तोडता सगळे शेवटपर्यंत ऐकले. मग हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"माका आता ऐकाक येणा नाय, बाय."

मी कानाच्या डॉक्टरची गोष्ट काढली. त्यांनी पेपर उघडला. तेवढ्यात खाली चाळीच्या टाकीचा पंप सुरू झाला. पेपरातून मान वर न काढता बाबा स्वयंपाकघरातल्या आईला म्हणाले, "अगो, पंप रडताहा. खाली कोणाक तरी सांग, बंद कर म्हणान."